'रक्तातच आहे' म्हणण्याआधी: आत्महत्या आणि आनुवंशिकतेच्या शोधाची पार्श्वभूमी

नागपूरकडे सोयरिक जमवताना शेती, नोकरी, पत्रिका पाहून झाली की एखादे मामा गावातून हळूच माहिती काढतात: त्या घरात कुणी जीव दिला होता का? 'हो' असं कळलं की बोलणी थांबतात. 'त्यांच्या रक्तातच आहे', एवढ्यावर एका मुलीचा किंवा मुलाचा निकाल लागतो.

ही समजूत फक्त आपलीच नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातले कितीतरी डॉक्टर आत्महत्येला घराण्याचा विकार मानत. १८९७ मध्ये फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खिम यांनी कारणं समाजात शोधली. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांबद्दल आपण कर्ज, नापिकी, कापसाचा भाव यांवर बोलतो, तेही याच वाटेनं, आणि ते बोलायलाच हवं.

पण एकाच घरात दोन पिढ्यांत असं घडतं तेव्हा कारण रक्ताचं की त्या घरातल्या दुःखाचं, हे कसं ठरवायचं? डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांच्या नोंदींनी ती सोय केली. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आत्महत्या केलेल्या ५७ दत्तक व्यक्तींच्या २६९ रक्ताच्या नातेवाइकांपैकी १२ जणांनी आत्महत्या केल्याचं आढळलं. तुलनेसाठी घेतलेल्या दत्तक व्यक्तींच्या तेवढ्याच नातेवाइकांत अशा घटना फक्त २ होत्या. वाढवणाऱ्या घरांत एकही नव्हती. म्हणजे रक्ताचा वाटा आहे, हे नाकारता येत नाही.

मात्र १९९१ चा जुळ्यांचा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एकाने तरी आत्महत्या केलेल्या, हुबेहूब जुळ्यांच्या ६२ जोड्यांपैकी ७ जोड्यांत दोघांनीही जीव दिला होता; हुबेहूब नसलेल्या साध्या जुळ्यांच्या ११४ जोड्यांत असं २ वेळाच घडलं. फरक मोठा आहे. पण उरलेल्या ५५ जोड्या पाहा: जनुकं जवळपास तीच, तरी दुसऱ्या भावंडाने जीव दिला नव्हता. सोयरिक मोडणाऱ्यांना हा आकडा कुणीतरी सांगायला हवा.

पुढे २००९ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांना, लहानपणी अत्याचार सोसून पुढे आत्महत्या केलेल्यांच्या मेंदूत, ताण हाताळणाऱ्या एका जनुकावर वेगळ्या रासायनिक खुणा सापडल्या. जनुक तेच, पण सोसलेल्या गोष्टींनी त्याचं काम बदललेलं असू शकतं. अलीकडच्या अभ्यासांत लाखो लोकांचे जनुकसंच तपासले गेले. त्यातून आत्महत्येचं एक असं जनुक सापडलं नाही. किंचित परिणाम करणारे असंख्य फरक दिसले. त्यामुळे लॅबमध्ये रक्त देऊन हा धोका सांगणारी चाचणी आज नाही. शिवाय हे बहुतेक नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत, ते आपल्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ चं, तरी बाहेरच्या चौकाला लोक अजून 'पागलखाना चौक' म्हणतात. आपल्या घरावरही असा शिक्का बसेल या धास्तीपोटी, कुठल्याही ओपीडीत डॉक्टरांनी 'घरात आधी कुणी?' असं विचारलं की नातेवाईक एकमेकांकडे बघतात आणि 'नाही' म्हणतात. काकांचं काय झालं ते सांगितलं, तर डॉक्टर पुतण्याची झोप, दारू, उदासी जास्त बारकाईनं विचारतील, लवकर बोलावतील. घरात असं घडलं असेल, किंवा स्वतःच्याच मनात असे विचार येत असतील, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.