द्राक्षबागेचा नकाशा कोणत्या महिन्याचा?

जानेवारीतल्या कडाक्याच्या थंडीत निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागांमध्ये पहाटे जागोजागी शेकोट्या पेटवलेल्या दिसतात. त्यांचा धूर सरळ वर जात नाही; तो वेलींच्या मांडवाखाली आडवा पसरतो आणि जमीन ज्या अंगाला किंचित खोलगट असेल त्या अंगाला हळूहळू सरकत जातो. रात्री जमीन उष्णता गमावते, तिला लागलेली हवा गार होऊन जड होते, उताराने पाण्यासारखी वाहते आणि सखल भागात साचून राहते. धुराने दाखवलेली वाट ही याच गार हवेची वाट असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात अशा दिवसांत किमान तापमान पाच अंश सेल्सिअसच्याही खाली नोंदले जाते, तर त्याच पहाटे जवळच्या एखाद्या उंचवट्यावर ते दोन-तीन अंशांनी अधिक असू शकते. या फरकामुळे एका बागेतल्या मण्यांची वाढ खुंटते व मणी तडकतात, आणि दुसरी बाग सुखरूप राहते.

बाग लावण्यापूर्वी हा फरक कागदावर ओळखता यावा, यासाठी भौगोलिक माहिती प्रणाली म्हणजेच जीआयएस वापरली जाते. कॅनडातील जमिनींची मोजदाद करण्यासाठी रॉजर टॉमलिन्सन यांनी १९६० च्या दशकात अशी पहिली संगणकीय प्रणाली उभी केली. तिचे तत्त्व सोपे आहे. एकाच प्रदेशाचे उंची, उतार, माती, पाऊस, तापमान, रस्ते असे वेगवेगळे नकाशे एकावर एक रचायचे, प्रदेशाचे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाला प्रत्येक थराचे गुण द्यायचे. पूररेषा, गावठाण, वनजमीन असे चौकोन आधीच वगळले जातात आणि उरलेल्यांच्या गुणांची बेरीज केली जाते.

द्राक्षासाठी जागेची अशी शोधाशोध कशी होते, याचे एक गाजलेले उदाहरण अमेरिकेतील ऑरेगन राज्यातले आहे. अर्ल जोन्स हे वैद्यकीय संशोधक तेम्प्रानियो या स्पॅनिश वाणाच्या प्रेमात पडले आणि स्पेनमधल्या रिबेरा देल दुएरो या प्रदेशासारखे हवामान अमेरिकेत कोठे मिळेल, याचा त्यांनी शोध घेतला. त्या शोधाअंती त्यांनी अम्पक्वा खोऱ्यात रोजबर्गजवळ १९९५ मध्ये लागवड केली. त्यांचे पुत्र ग्रेगरी जोन्स हे हवामानशास्त्रज्ञ झाले आणि त्यांनी पुढे सहकाऱ्यांसह याच खोऱ्याचा जीआयएसच्या साहाय्याने अभ्यास केला. त्या अक्षांशावरचा प्रश्न मुख्यतः पुरेशा उबेचा असतो. दक्षिणेकडे उतरणारी जमीन तिथे मोलाची ठरते, कारण तिच्यावर ऊन अधिक सरळ पडते आणि शरदातले हिमतुषार येण्याआधी फळ पिकण्याची शक्यता वाढते.

हा साचा जसाच्या तसा नाशिकला आणला, तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील अमेरिन आणि विंकलर यांनी १९४४ मध्ये मांडलेला उष्णतेचा निर्देशांक आजही जगभर वापरला जातो. एप्रिल ते ऑक्टोबर या काळातल्या प्रत्येक दिवसाच्या सरासरी तापमानातून दहा अंश वजा करून येणाऱ्या आकड्यांची त्यात बेरीज करतात. ही बेरीज सुमारे २,२२० च्या पुढे गेली की प्रदेश सर्वांत उष्ण वर्गात मोडतो. नाशिकची या सात महिन्यांची सरासरी साधारण २६ अंश धरली, तर २१४ दिवसांची बेरीज ३,४०० च्याही पुढे जाते. त्या हिशोबाने आपल्याकडे द्राक्ष लावण्याच्या भानगडीतच पडू नये. गफलत आकडेमोडीत नाही, महिन्यांत आहे. आपल्या शेतकऱ्याची वेल थंड देशांतल्या वेलीसारखी हिवाळ्यात झोपत नाही. ती वर्षातून दोनदा छाटली जाते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी तयार होते, ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर घड निघतात आणि फळ जानेवारी ते एप्रिल या काळात हाती येते. म्हणजे ज्या महिन्यांची उष्णता तो निर्देशांक मोजतो, त्यांपैकी बहुतेक काळात आपल्या वेलीवर फळच नसते.

म्हणून नाशिकच्या नकाशाला पहिला प्रश्न ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसाचा विचारावा लागतो. नवी फूट आणि फुलोरा या अवस्थांत पाऊस लागला, की केवडा आणि करपा हे रोग येतात. २०१९ च्या ऑक्टोबरमधला पाऊस अनेक बागायतदारांच्या अजून लक्षात असेल. वर्षभराच्या पावसाचा नकाशा याबाबत फारसे काही सांगत नाही. शिवाय इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि निफाड-सिन्नरकडे तो पाचशेच्या आसपास येतो. ही घट सारख्या वेगाने होत नाही, घाटमाथा ओलांडताच ती झपाट्याने होते. दोन पर्जन्यमापकांमधले आकडे केवळ अंतराच्या प्रमाणात भरणारा संगणक इथे हमखास चुकतो. त्याला डोंगराची उंचीही द्यावी लागते.

छाटणीचा महिना बदलला की उत्तम जागांचा नकाशाही बदलतो. बागलाणमधले शेतकरी पावसाळ्यातच छाटणी घेऊन डिसेंबरच्या सुमारास ‘अर्ली’ द्राक्ष बाजारात आणतात, कारण पर्जन्यछायेतल्या त्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमधली जोखीम इतर भागांपेक्षा कमी असते. हे त्यांनी कोणत्याही उपग्रहाशिवाय ओळखले, हे नकाशे काढणाऱ्यांनी विसरू नये.

आता नकाशाच्या चौकोनाचा आकार पाहू. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अंतराळयानाने रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची मोजली. त्या माहितीचा पूर्वी सर्रास वापरला जाणारा चौकोन ९० मीटरचा, म्हणजे सुमारे दोन एकरांचा होता. इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावर कार्टोसॅट उपग्रहांच्या चित्रांवरून तयार केलेली ३० मीटरची उंचीची माहिती मिळते, आणि त्यातला एक चौकोन सुमारे नऊ गुंठ्यांचा भरतो. मातीचा अडीच लाखास एक या प्रमाणाचा नकाशा घेतला, तर कागदावरच्या एका मिलिमीटरच्या चौकोनात पंधरा एकर रान बसते. एकाच गटात वर मुरूम आणि नाल्याकडे भारी काळी जमीन असणे आपल्याकडे नेहमीचे असल्याने अशा नकाशावरून गट नंबर निवडणे धाडसाचे आहे. त्याच्यावरून फार तर शिवार निवडावे.

खरी मेख गुणांना द्यायच्या वजनात असते. समजा, दोन जागा आहेत आणि माती, थंडीपासून बचाव व पाणी यांना पाचपैकी गुण द्यायचे आहेत. पहिल्या जागेला अनुक्रमे चार, पाच आणि दोन मिळाले. दुसरीला तीन, दोन आणि पाच. सरळ बेरीज केली तर पहिली जागा अकरा विरुद्ध दहा अशी जिंकते. पाणी महत्त्वाचे म्हणून ते दुप्पट धरले, की दुसरी पंधरा विरुद्ध तेरा अशी पुढे जाते. माहिती तीच राहिली, निकाल उलटला. अनेक अहवालांत हिरव्या-पिवळ्या-लाल रंगांचा सुंदर नकाशा पहिल्या पानावर असतो आणि वजनांचा तक्ता शोधून काढावा लागतो. माझ्या मते, ज्या दोषावर नंतर इलाज करता येतो त्याला कमी वजन द्यावे. पाणी जलवाहिनीने आणता येते, शेततळ्यात साठवता येते. क्षारांना तोंड देण्यासाठी डॉगरिजसारख्या खुंटावर कलम करता येते. खोलगटात साचणारी गार हवा मात्र कोणत्याही योजनेतून हलत नाही.

नकाशाने दोन-तीन जागा सुचवल्यानंतरचे काम कुदळीचे आहे. रानात तीन-साडेतीन फुटांचा खड्डा घेऊन त्याच्या भिंतीवर सौम्य आम्लाचे थेंब टाकले आणि फेस आला, की चुनखडी आहे असे समजावे. अशा जमिनीत पुढे कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, कारण वेलीला लोह घेता येत नाही. थंडीसाठी त्याहून सोपा उपाय आहे. डिसेंबर-जानेवारीत एक किमान तापमापक रानाच्या वरच्या बांधाजवळ आणि दुसरा खालच्या बांधाजवळ, मण्यांचे घड जिथे लोंबतील त्या उंचीवर टांगावा आणि रोज सकाळी दोन्ही आकडे वहीत लिहावेत.