गप्प बसणारी सूचना आणि एका प्रोसेसरवरच्या दोन ऑपरेटिंग सिस्टिम

'व्हर्च्युअल मशीनमधलं लिनक्स ही नुसती नक्कल असते, म्हणून ते संथ चालतं,' हे वाक्य इतक्या वेळा कानावर आलंय की एकदा त्यावर सविस्तर लिहायचं ठरवलं. व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. विंडोजच्या एका खिडकीत लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालू असते तेव्हा त्यातली बेरीज, तुलना, मेमरीतलं वाचन-लेखन हे बहुतेक सगळं थेट खऱ्या प्रोसेसरवरच होतं. मध्ये दुभाषा नसतो. दुभाषा लागतो तो इम्युलेशनमध्ये. इंटेलसाठी तयार केलेली सिस्टिम एआरएम प्रोसेसरवर चालवायची तर तिच्या सूचनांचं, म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या एकेका हुकमाचं, भाषांतर करावं लागतं आणि वेळ तिथे जातो.

व्हर्च्युअल मशीनची खरी अडचण मालकीची आहे. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम अख्खा कॉम्प्युटर आपल्या एकटीचा आहे असं धरूनच लिहिलेली असते. मेमरी वाटणार ती, टायमर लावणार ती, कीबोर्डची हाक ऐकणारही तीच. मग अशा दोघी एका घरात नांदवायच्या कशा?

यावरची तोड १९६० च्या दशकात आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे भल्यामोठ्या कॉम्प्युटरवर, निघाली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने ती जाहीर झाली. प्रोसेसर निदान दोन दर्जे पाळतो. वरच्या दर्जात ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल. खालच्यात आपले नेहमीचे प्रोग्रॅम. खालच्याने वरच्या अधिकाराची सूचना दिली, तर प्रोसेसर ती पाळत नाही. जागीच थांबून वरच्याला हाक मारतो. हा ट्रॅप. आता पाहुण्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधल्या, ऑपरेटिंग सिस्टिमलाच खालच्या दर्जात बसवा आणि तिच्या डोक्यावर हायपरवायझर नावाचा प्रोग्रॅम ठेवा. इंटरप्ट म्हणजे कीबोर्ड, टायमर यांच्या हाका. ती म्हणाली 'इंटरप्ट बंद', की ट्रॅप होतो. हायपरवायझर खरे इंटरप्ट चालूच ठेवतो, 'हिच्यापुरते बंद' अशी नोंद करतो आणि तिला पुढच्या सूचनेवर सोडतो. तिला पत्ताही लागत नाही. किती सुंदर कल्पना आहे ही!

१९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या संगणकशास्त्रज्ञांनी यामागची अट गणिती काटेकोरपणे मांडली: मशीनची अवस्था बदलणारी किंवा त्या अवस्थेवर अवलंबून असणारी प्रत्येक सूचना खालच्या दर्जात ट्रॅप झालीच पाहिजे.

इंटेलचे एक्स८६ प्रोसेसर नेमके इथेच नापास होत. त्यांची पॉपएफ ही सूचना बघा. ती स्टॅकवरून, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या चळतीवरून, एक संख्या उचलते आणि फ्लॅग्ज रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्या खुणांच्या छोट्या कप्प्यात, टाकते. त्या रजिस्टरचा ९ क्रमांकाचा बिट इंटरप्ट चालू की बंद ते ठरवतो. कर्नलने पॉपएफ दिली तर हा बिट बदलतो. खालच्या दर्जातून दिली तर बेरजेचा हातचा, शून्य उत्तर वगैरे सांगणारे बिट बदलतात, हा एवढा तसाच राहतो. आणि ट्रॅप होतच नाही! पाहुणीला वाटतं इंटरप्ट बंद झाले. हायपरवायझरला तिने काही मागितल्याची वार्ताही नसते. प्रोसेसरने नकार दिला असता तर चाललं असतं, कारण नकार म्हणजेच हाक. त्याने गप्प बसणं घातक. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये अशा १७ सूचना मोजल्या गेल्या.

व्हीएमवेअर या कंपनीने १९९९ मध्ये यावर चिकाटीचा उपाय आणला. पाहुण्या कर्नलचा कोड चालण्याआधी वाचायचा, त्यातल्या पॉपएफसारख्या सूचना हुडकायच्या आणि त्या जागी निर्धोक कोड बसवायचा. साधे प्रोग्रॅम मात्र जसेच्या तसे चालू द्यायचे. पुढे २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच पाहुणीसाठी वेगळा मोड दिला. त्यात ती वरच्या दर्जातच बसते, पॉपएफ तिचा स्वतःचा फ्लॅग बदलते, आणि हायपरवायझरने आधी सांगून ठेवलेल्या घटना घडल्या की प्रोसेसर त्याच्याकडे परततो.

मग संथपणा येतो कुठून? थोडा या येण्याजाण्यातून, थोडा मेमरीतून. पाहुणी ज्याला मेमरीतला खरा पत्ता समजते तो खरा नसतो. त्याचं पुन्हा रूपांतर करावं लागतं. तिची पेज टेबलं, म्हणजे पत्त्यांच्या रूपांतराची कोष्टकं, सहसा चार पातळ्यांची, हायपरवायझरची चार पातळ्यांची. तिच्या प्रत्येक पातळीचं टेबल सापडायला चार वाचनं आणि ते वाचायला एक, म्हणजे चार पाचे वीस. शेवटच्या पत्त्यासाठी आणखी चार. एकूण २४! प्रोसेसर सापडलेले पत्ते लक्षात ठेवतो म्हणून ही पायपीट दर वेळी होत नाही.

'व्हर्च्युअल मशीनमध्ये व्हायरस चालवा, काही होत नाही' हा प्रचार मात्र मला मान्य नाही. २०१५ मध्ये उघड झालेली 'व्हेनम' ही त्रुटी फ्लॉपी ड्राइव्हचं सोंग वठवणाऱ्या कोडमध्ये होती आणि त्या फटीतून पाहुणीच्या बाहेर पडणं शक्य होतं. फ्लॉपी कुणी वापरत नसलं तरी तो कोड तिथे होताच.

स्वतः करून बघायचं असेल तर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडा. तिथे 'व्हर्च्युअलायझेशन' समोर 'डिसेबल्ड' दिसलं तर ते बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन चालू करा. आणि रॅम ८ जीबी असेल तर पाहुणीला ४ जीबीच्या वर देऊ नका. यजमान सिस्टिमलाही, म्हणजे विंडोजलाही, श्वास घ्यायला जागा लागते.