आगीवर गेलेला फायरमन परतला नाही तर: चौकशी, भरपाई आणि कागदपत्रे

जळगाव एमआयडीसीतला चटईचा कारखाना पेटो की शहाद्याकडची जिनिंग, बंबावर कायम कर्मचारी असतात तशी ठेकेदाराची पोरंही असतात. कर्तव्यावर मृत्यू झाला तर भरपाईचा हक्क दोघांच्याही घरच्यांना आहे. ठेकेदाराने हात वर केले म्हणून पालिका सुटत नाही.

सगळं अडतं ते पहिल्या दोन दिवसांच्या कागदांवर. पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा आणि शवविच्छेदन झालंच पाहिजे. ‘गेला तो गेला, आता चिरफाड नको’ असं घरचे म्हणतात. कळतं, पण तिथे नमू नका. आग विझवून आल्यावर छातीत कळ येऊन माणूस गेला, तर ‘नैसर्गिक मृत्यू’ लिहून फाईल बंद व्हायला वेळ लागत नाही. अमेरिकेत निऑश ही सरकारी संस्था 1998 पासून अशा मृत्यूंचा तपास करते, दोष कुणाचा हे न ठरवता. तिथेही हृदयविकार हे मोठं कारण निघालं. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड तपासणीतच सापडतो.

सोबत वर्दीची (आगीची खबर आली त्याची) नोंद, हजेरीपट आणि बंबाचं लॉगबुक यांच्या प्रती लेखी मागा. श्वसनयंत्र दिलं होतं का, सिलिंडर भरलेला होता का, हेही त्याच अर्जात विचारा. पुढच्या फायरमनचा जीव याच उत्तरांवर आहे. प्रती मिळाल्या नाहीत तर 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा. उत्तराची मुदत 30 दिवस. आग कारखान्यात असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा अहवालही मागावा.

भरपाईचा दावा मृत्यूपासून दोन वर्षांत. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यातली ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये आहे. अर्ज कुठे द्यायचा ते सहायक कामगार आयुक्त कार्यालयात कळेल. हिशेब असा: महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणक, म्हणजे वयानुसार कायद्याच्या तक्त्यात दिलेला आकडा. चाळिशीला गुणक 184.17, म्हणजे पगार 15,000 धरला तर 13,81,275 रुपये. विधवा, अज्ञान (18 वर्षांखालील) मुलगा, अविवाहित मुलगी, विधवा आई यांना हक्क आहे. कमावत्या सज्ञान मुलाला नाही.

लागणारे कागद: मृत्यू दाखला (नोंद 21 दिवसांत), आधार, वयाचा पुरावा, पगारपत्रक किंवा बँक पासबुक, रेशनकार्ड, वर सांगितलेले पोलिसांचे कागद. परस्पर हातात दिलेली रोकड ही कायद्याने भरपाई धरली जात नाही, त्यामुळे ‘सगळं मिळालं’ अशा पावतीवर अंगठा देऊ नका.

कायम कर्मचारी असेल तर अनुकंपा नोकरीचा अर्ज आस्थापना शाखेत वेगळा द्यावा, वयोमर्यादा 45. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट मृत्यूत लागत नाही.