गटार कुठलं आणि मलवाहिनी कुठली?

रस्त्याकडेच्या उघड्या नालीला आपण गटार म्हणतो आणि रस्त्याखालच्या बंद पाइपलाही, म्हणजे मलवाहिनीलाही, गटारच म्हणतो. मग खानावळवाला विचारतो, ‘गटार दारातच आहे, त्यात पाणी सोडलं तर बिघडलं कुठे?’ बिघडतं, कारण ही दोन गटारं वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन पोचतात.

उघडं गटार पावसासाठी असतं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. ते पाणी वाहून न्यायचं, एवढंच त्याचं काम. वाटेत ते शुद्ध होत नाही. पणजीतलं बरंचसं पाणी सांतिनेझ नाल्यातून मांडवीत जातं. मडगावचं साळ नदीत उतरतं आणि बेतूलला समुद्राला मिळतं. तळणीचं तेल तिथं ओतलं, की ते नदीतच ओतल्यासारखं आहे. त्याच नदीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आपण खातो.

मलवाहिनीच्या टोकाला मात्र शुद्धीकरण प्रकल्प असतो: पणजीसाठी टोंकला, मडगावसाठी शिरवड्याला. तिथं जिवाणू घाण खाऊन टाकतात, म्हणून कायदा मलवाहिनीला थोडी सूट देतो. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांतले आकडे पाहा. घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू लागेल हे बीओडी सांगतो. नदीत सोडायच्या पाण्यात तो लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, मलवाहिनीत ३५० पर्यंत. तरंगता गाळ नदीसाठी १००, मलवाहिनीसाठी ६००.

तेल आणि ग्रीसला मात्र फारशी सूट नाही: नदीसाठी १०, मलवाहिनीसाठी अवघे २०. चरबी प्रकल्पापर्यंत पोचण्याआधीच पाइपात थिजते, म्हणून खानावळीला ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल-चरबी अडवणारी पेटी, हवीच. पाऱ्याची मर्यादा तर दोन्हीकडे सारखीच, ०.०१. पारा जिवाणूंना खाऊन संपवता येत नाही. मला हा आकडा सगळ्यात बोलका वाटतो: कुजणारी घाण प्रकल्पाला झेपते म्हणून तिला सूट, पारा झेपत नाही म्हणून त्याला नाही.

याच नियमांत एक तळटीप आहे, ती फार कमी लोक वाचतात. वाहिनीच्या टोकाला जैविक शुद्धीकरण नसेल, तर तिच्यात सोडलेलं पाणी नदीत सोडल्यासारखंच धरायचं. म्हणजे नुसता पाइप जमिनीखाली असून भागत नाही.

याची उलटी चूकही होते, आणि तीही सज्जन माणसांकडून. आमच्या वाड्यावर एकानं छपराच्या पन्हळीचा पाइप थेट मलवाहिनीच्या चेंबरला जोडला होता. जून उजाडला आणि खालच्या घरासमोरचं झाकण उचललं गेलं, मैला अंगणात आला. सांडपाण्याच्या मापानं घातलेल्या पाइपात धो धो पाऊस मावत नाही. प्रकल्पात पोचलेलं पावसाचं पाणी तिथल्या जिवाणूंनाही धुऊन नेतं.

जिथं मलवाहिनी पोचलेलीच नाही, तिथं सेप्टिक टँक आणि सोक पिट (शोषखड्डा) हाच मार्ग. टँक भरून वाहू लागली म्हणून तिचा पाइप गटारात काढणं म्हणजे नदीत मैला सोडणं. टँकर बोलावून ती उपसून घ्यावी.

आपल्या दारातलं गटार कसं आहे हे एप्रिल-मेमध्ये बघावं. पाऊस नाही, जवळपास झरा नाही, तरी उघड्या गटारातून पाणी वाहतंय, तर ते कुणाच्या तरी न्हाणीघराचं किंवा स्वयंपाकघराचं आहे. उगमाकडे चालत गेलं, की पाइप सापडतो.