घट्ट वालुकाश्मातील तेल आणि कार्बन डायऑक्साइडची मिसळण

जमिनीखाली खनिज तेलाचे तलाव असतात आणि विहीर खणून ते उपसायचे असतात, हा समज इतका रूढ आहे की ‘तेलसाठा’ हा शब्द ऐकताच डोळ्यांपुढे भरलेली टाकी उभी राहते. प्रत्यक्षात तेल खडकाच्या कणांमधील बारीक पोकळ्यांत मुरलेले असते, आणि ते बाहेर येणार की नाही, हे पोकळ्यांना जोडणाऱ्या वाटा किती रुंद आहेत यावर बव्हंशी ठरते. खडकातून द्रव किती सहज वाहू शकतो, म्हणजेच खडकाची पार्यता, ‘डार्सी’ या एककात मोजतात. वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम 1856 मध्ये मांडणाऱ्या आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याचे नाव त्याला मिळाले आहे. चांगल्या वालुकाश्माची पार्यता शेकडो मिलिडार्सी असू शकते, तर घट्ट वालुकाश्माची साधारणपणे 0.1 मिलिडार्सीहून कमी असते. त्यातील कित्येक वाटा एका मायक्रोमीटरपेक्षाही अरुंद असतात, आणि माणसाचा केस सुमारे 70 मायक्रोमीटर जाड असतो.

अशा खडकात पाणी दाबून तेल पुढे रेटण्याचा जुना उपाय फारसा चालत नाही. पाणी आत शिरतानाच अडते, आणि चिकणमातीची काही खनिजे पाण्याने फुगून उरलीसुरली वाटही बुजवतात. त्याहून मोठी अडचण तेल आणि पाणी यांच्या सीमेवरील ताणाची आहे. वाटेची त्रिज्या 0.1 मायक्रोमीटर असेल, तर हा ताण तेलाच्या थेंबाला सुमारे 5 वातावरणांइतक्या दाबाने अडवून धरू शकतो. विहिरीपासून दूर, प्रत्येक थेंबाच्या दोन टोकांमध्ये एवढा दाबफरक निर्माण करणे केवळ अशक्य आहे. म्हणून तेलाला ढकलण्यापेक्षा ती सीमाच नाहीशी करणे श्रेयस्कर ठरते, आणि ते काम कार्बन डायऑक्साइड करतो.

31 अंश सेल्सिअस तापमान आणि सुमारे 74 बार दाब ओलांडला की कार्बन डायऑक्साइड धड वायू राहत नाही आणि धड द्रवही होत नाही. 60 अंश आणि 200 बार या परिस्थितीत त्याची घनता पाण्याच्या सुमारे सात दशांश भरते, पण श्यानता, म्हणजे वाहण्यास होणारा अंतर्गत विरोध, पाण्याच्या सुमारे एक अष्टमांशच असते. तो तेलात विरघळला की तेल फुगते आणि पातळ होते.

परंतु तो तेलात पहिल्या भेटीत पूर्णपणे मिसळत नाही, आणि या प्रक्रियेतील सर्वांत सुंदर भाग मला इथेच दिसतो. पहिल्या संपर्कात दोघांमध्ये सीमा शिल्लक असते. मात्र त्या सीमेवरून कार्बन डायऑक्साइड तेलातील हलके आणि मध्यम वजनाचे रेणू स्वतःत ओढून घेतो. असा समृद्ध झालेला वायू पुढे सरकतो तेव्हा त्याची गाठ ताज्या, अस्पर्शित तेलाशी पडते, आणि तो आधीच थोडासा तेलासारखा झालेला असल्याने या वेळी अधिक रेणू उचलतो. प्रत्येक संपर्कागणिक दोघांमधील भेद कमी होत जातो, सीमेवरील ताण उतरत जातो आणि अखेरीस तो शून्य होतो. मग थेंबाला अडवून धरणारा दाबही उरत नाही. यासाठी दाब एका किमान मर्यादेच्या वर असावा लागतो. ही मर्यादा तेलाच्या घटकांवर आणि तापमानावर अवलंबून असल्याने, वाळू भरलेल्या लांब, बारीक नळीत तेच तेल घेऊन वेगवेगळ्या दाबांखाली प्रयोग करून ती ठरवावी लागते.

घट्ट खडकात आणखी एक अडथळा असतो. अशा विहिरींभोवती दाबाने पाडलेल्या भेगा असतात आणि पातळ वायू खडकात न शिरता त्या भेगांतूनच निसटतो. म्हणून अनेकदा एकाच विहिरीतून वायू आत सोडून विहीर काही दिवस किंवा आठवडे बंद ठेवतात, आणि नंतर तिच्यातूनच तेल काढतात. त्या अवधीत वायूचे रेणू विसरणाने, म्हणजे आपोआप हळूहळू पसरत, खडकात उतरतात. विसरण अतिशय संथ असते: दुप्पट अंतर कापण्यास चौपट वेळ लागतो. त्यामुळे भेगांचे जाळे जितके दाट, तितका या प्रतीक्षेचा उपयोग अधिक. हलके रेणू निघून गेल्यावर तेलातील अस्फाल्टीन हा जड, डांबरासारखा घटक गोळा होऊन त्याच अरुंद वाटा बुजवू शकतो, हा धोकाही जमेस धरावा लागतो.

अशा तेलाला सरसकट ‘कार्बनमुक्त’ म्हणण्याची जाहिरातबाजी मात्र मला मान्य नाही. एक पिंप तेल जाळले की सुमारे 430 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तेव्हा खडकात किती अडकून राहिला हे त्याच्याशी ताडून पाहिलेच पाहिजे. शिवाय तो आला कोठून, हेही विचारायला हवे. अमेरिकेत टेक्ससमधील तेलक्षेत्रांना पुरवलेला पुष्कळसा कार्बन डायऑक्साइड कोलोरॅडोतील मॅकेल्मो डोमसारख्या नैसर्गिक भूमिगत साठ्यांतून काढलेला आहे. म्हणजे जो जमिनीखालीच होता, तोच पुन्हा जमिनीखाली गेला. कॅनडातील वेबर्न या तेलक्षेत्रात 2000 पासून सोडलेला वायू नॉर्थ डकोटातील कोळशापासून वायू बनवणाऱ्या कारखान्यातून सुमारे 320 किलोमीटर लांब नळातून आणला गेला. तो एरवी हवेतच गेला असता.