उरलेल्या जागेतली सायकल : मुंबईतील मार्गिकांच्या वादाची पार्श्वभूमी

मुंबईत सायकल मार्गिकांवरून झालेले मोठे वाद नीट पाहिले, तर एक गोष्ट प्रत्येक वेळी आढळते : मोटारींच्या वाटणीचा रस्ता कोणीच मागितला नव्हता. वांद्रे-कुर्ला संकुलात मार्गिका रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर आखली गेली, तानसा जलवाहिनीच्या बाबतीत झोपड्या हटवून मोकळ्या झालेल्या जमिनीवर, तर पवईला थेट तलावाच्या काठावर. चालत्या वाहतुकीला धक्का न लावता सायकलची सोय करायची, हे धोरण राजकीयदृष्ट्या सोयीचे वाटले खरे. पण त्यामुळे विरोध टळला नाही, विरोध करणारे तेवढे बदलले. वाहनचालकांऐवजी विस्थापित कुटुंबे, पर्यावरण कार्यकर्ते आणि संशोधक विद्यार्थी समोर आले आणि महापालिकेच्या सभागृहात चर्चेला यायला हवे होते ते प्रश्न उच्च न्यायालयात पोहोचले.

या धोरणाची मुळे साठ वर्षे मागे जातात. १९६२ च्या सुमारास विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार कंपनीने मुंबई बेटासाठी जलद मार्गांचे जाळे सुचवले. ३१ मार्च १९६४ रोजी शहरातली शेवटची ट्राम धावली आणि पुढच्याच वर्षी केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल झाला. १९९५ नंतरच्या युती सरकारात नितीन गडकरी सार्वजनिक बांधकाम मंत्री असताना महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पन्नासच्या वर उड्डाणपुलांचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. वांद्रे-वरळी सागरी सेतू (२००९), पूर्व मुक्त मार्ग (२०१३) आणि सागरी किनारा मार्ग (२०२४) हे त्याच विचाराचे पुढचे टप्पे. या तिन्हींवर सायकलच काय, मोटारसायकललाही मज्जाव आहे. दरम्यान २००६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर केले आणि रस्त्याची जागा वाटताना वाहनांऐवजी माणसे केंद्रस्थानी असावीत, असे त्यात नमूद केले. त्याच सुमारास मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे एमएमआरडीएने, करून घेतलेल्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात महानगरातल्या निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होतात, असे दिसून आले होते. कागदावर दिशा बदलली; निविदा मात्र आधीच्याच दिशेने निघत राहिल्या.

मुंबईत सायकल चालवणारे आहेतच किती, हा प्रश्न सभांमध्ये नेहमी विचारला जातो. सकाळी अकरा-साडेअकराच्या सुमारास चर्चगेट किंवा लोअर परळ स्थानकाबाहेर पाच मिनिटे उभे राहिले तर त्याचे उत्तर मिळते. हँडलच्या दोन्ही बाजूंना आणि मागच्या कॅरिअरवर डब्यांच्या पिशव्या लटकवलेली डबेवाल्याची काळी सायकल रस्त्याच्या अगदी डाव्या कडेने निघते. त्या कडेला काँक्रीटचा थर संपतो आणि पावसाळी गटाराची झाकणे किंवा पेव्हर ब्लॉक सुरू होतात. दोहोंच्या मधल्या सांध्यात बोटभर उंचीचा फरक असतो आणि सायकलचा टायर नेमका त्यातच अडकतो. पावसात हा सांधा पाण्याखाली जातो. टाळायचा तर उजवीकडे सरकावे लागते, आणि उजवीकडे बेस्टची बस असते. डबेवाला, पाववाला, दूधवाला, पेपर टाकणारी मुले, रात्रपाळीचे पहारेकरी हेच या शहरातले रोजचे सायकलस्वार. प्रकल्पांच्या सादरीकरणातल्या चित्रांत मात्र हेल्मेट घातलेला, गिअरच्या सायकलवरचा तरुण दिसतो आणि त्याच्या मागे हमखास गुलमोहर फुललेला असतो.

वादाला दुसरी बाजू अधिकारांची आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ नुसार कार्यकारी अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. नगरसेवक ठरावाची सूचना मांडू शकतो, ती मंजूर झाली की आयुक्तांच्या अभिप्रायासाठी जाते, आणि अभिप्रायात बहुधा वाहतूक पोलिसांकडे बोट दाखवलेले असते, कारण एकदिशा मार्ग, वेगमर्यादा आणि पार्किंगबंदी ठरवण्याचे काम त्यांचे. शिवाय सगळे रस्ते पालिकेचे नाहीत. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गसुद्धा पालिकेच्या ताब्यात २०२२ च्या अखेरीस आले. त्यामुळे सायकल मार्गिकेचे श्रेय घ्यायला अनेक जण पुढे येतात आणि ती बंद पडली की जबाबदारी कोणाची, हे पत्रव्यवहारातून शोधावे लागते.

वांद्रे-कुर्ला संकुलाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तिथे नियोजन प्राधिकरण एमएमआरडीए आहे. २०११ मध्ये प्राधिकरणाने सुमारे १३ किलोमीटरची मार्गिका केली. स्थानकावरून संकुलात येणारे कर्मचारी रिक्षाऐवजी सायकल घेतील, अशी अपेक्षा होती. परंतु मार्गिका संकुलाच्या हद्दीतच सुरू होई आणि हद्दीतच संपे. वांद्रे किंवा कुर्ला स्थानकापासून तिथवरचा गर्दीचा टप्पा, जिथे तिची खरी गरज होती, तो तसाच राहिला. पहिल्या काही महिन्यांतच तिच्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या, चहाच्या टपऱ्या आल्या, दुचाकीस्वारांनी सिग्नल चुकवण्यासाठी तिचा वापर सुरू केला. नंतर ‘लोक वापरतच नाहीत’ असे म्हटले जाऊ लागले, ते काही खोटे नव्हते.

तानसाचे प्रकरण यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचे. शहराला पाणी पुरवणाऱ्या या जलवाहिनीला लागून दशकानुदशके वस्ती झाली होती. सुरक्षेच्या कारणावरून झालेल्या जनहित याचिकेत उच्च न्यायालयाने जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करण्याचे आदेश दिले. मोकळी झालेली जागा पुन्हा व्यापली जाऊ नये म्हणून तिथे काहीतरी करणे भाग होते, आणि त्यातून २०१७ मध्ये ‘हरित वारी जलतीरी’ या नावाने मुलुंडपासून शहराच्या दिशेने ३९ किलोमीटरच्या सायकल व धावमार्गाची घोषणा झाली. थोडक्यात, सायकल ही इथे कुंपणाच्या जागी आली होती. महापालिकेत सत्ताधारी शिवसेनेने आणि प्रशासनाने प्रकल्पाचे स्वागत केले. पाइपलाइनवर राहणारी कुटुंबे मात्र पुनर्वसनासाठी माहुलला पाठवली जात होती.

माहुल हे तेलशुद्धीकरण आणि रसायन कारखान्यांच्या सान्निध्यातले गाव. तिथल्या हवेबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच गंभीर निरीक्षणे नोंदवलेली होती. तिथे राहायला गेलेल्या लोकांत श्वसनाच्या आणि त्वचेच्या तक्रारी वाढल्या, आणि ऑक्टोबर २०१८ पासून काही कुटुंबांनी विद्याविहारला, जिथून त्यांना हलवले होते त्याच जलवाहिनीलगत, पदपथावर धरणे धरले. ज्या पट्ट्यावर सायकली फिरायच्या होत्या तिथे चुली मांडल्या गेल्या. एप्रिल २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने या लोकांना माहुलला राहण्याची सक्ती करता येणार नाही, पर्यायी घर द्यावे अथवा दरमहा १५ हजार रुपये भाडे द्यावे, असा आदेश दिला. त्यानंतर ‘सायकल ट्रॅकसाठी घरे पाडली’ ही घोषणा आंदोलनाबाहेरही ऐकू येऊ लागली. कायद्याच्या भाषेत ती अचूक नव्हती, कारण घरे जलवाहिनीच्या सुरक्षेसाठी पाडली गेली होती. पण घर गेलेल्या माणसाला पाडकामानंतर तिथे काय उभे राहते तेच दिसते. पुढे मुलुंडसारख्या काही ठिकाणी मार्गाचे तुकडे तयार झाले, सलग ३९ किलोमीटर काही झाले नाहीत.

पवईचा वाद महाविकास आघाडी सरकारच्या काळातला. मुंबई उपनगरचे तत्कालीन पालकमंत्री आणि पर्यावरण मंत्री आदित्य ठाकरे यांच्या पुढाकाराने २०२१ मध्ये तलावाभोवती सायकल व धावमार्गाचे काम सुरू झाले. काठावर तारेच्या जाळीत दगड भरून, ज्याला अभियंते गॅबियन म्हणतात, त्या पद्धतीने मार्ग उभारायचा होता. पाणी झिरपू देणारी ही रचना असल्याने ती भराव ठरत नाही, असे पालिकेचे म्हणणे. आयआयटी मुंबईचे संशोधक विद्यार्थी आणि ‘वनशक्ती’ ही संस्था यांनी याला आव्हान दिले. तलावात मगरी आहेत, काठ ही त्यांची ऊन खाण्याची आणि अंडी घालण्याची जागा आहे, आणि २०१७ च्या पाणथळ जागा नियमांत अशा बांधकामाला मनाई आहे, हा त्यांचा युक्तिवाद. पवई तलाव १८९० च्या सुमारास पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला, म्हणजे मानवनिर्मित, म्हणून त्याला हे नियम लागू नाहीत, असा बचाव पालिकेने केला. तो टिकला नाही. ६ मे २०२२ रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने काम बेकायदा ठरवून केलेला भराव काढण्याचे व जागा पूर्ववत करण्याचे आदेश दिले. या सगळ्यात तलावाशेजारच्या वाहत्या रस्त्यावर मार्गिका का नको, हा प्रश्न फारसा कोणी लावून धरला नाही. पर्यावरणाच्या नावाने आलेला प्रकल्प पर्यावरणाच्याच कायद्याने पडला, आणि त्यानंतर कोणत्याही पक्षाच्या नेत्याला सायकलचे नाव घेणे जोखमीचे वाटू लागले असेल तर त्यात नवल नाही.

वाहनांचा वेग कमी करण्याच्या उपायांना मात्र असा गाजावाजा लाभला नाही, जरी नगरसेवकांच्या रोजच्या कामात त्यांचा वाटा मोठा असतो. शाळेसमोर, देवळासमोर, वळणावर गतिरोधक हवा, ही वॉर्ड ऑफिसातली नेहमीची मागणी. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनुसार ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा उंचवटा १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे सावकाश चढून सावकाश उतरणारा असायला हवा. गल्ल्यांत प्रत्यक्षात दिसतो तो हातभर रुंदीचा डांबराचा आडवा वरंबा किंवा खिळ्यांनी ठोकलेली पिवळी-काळी पट्टी, जिच्यावरून रिक्षातल्या म्हाताऱ्या माणसाची कंबर दुखते आणि मोटारसायकल कडेच्या फटीतून वेग न सोडता निघून जाते. २०१५ पासून ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीज या अमेरिकी दानसंस्थेच्या रस्ते सुरक्षा उपक्रमात मुंबईचा समावेश झाल्यावर चौकांची फेररचना, रंग आणि अडथळे वापरून आधी तात्पुरती चाचणी, पादचाऱ्यांसाठी मधली थांबबेटे असे प्रयोग सुरू झाले. पुढे रस्तारचनेची स्पर्धा घेऊन नेपियन सी रोड, विक्रोळी पार्कसाइट यांच्यासह पाच रस्ते निवडले गेले. अशा कामांना विरोध येतो तो बहुधा दुकानदारांकडून आणि सोसायट्यांकडून, आणि तो पार्किंगसाठी असतो. जुलै २०१९ मध्ये सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात अवैध पार्किंगला ५ ते २३ हजार रुपये दंड सुरू झाला, तेव्हा जी आरडाओरड झाली तिच्या मानाने सायकलवरचे वाद सौम्यच म्हणावे लागतील.

रविवारी सकाळपुरता रस्ता सायकलस्वार आणि पादचाऱ्यांना देण्याच्या प्रयोगांबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. २०१४ मध्ये वांद्रे-सांताक्रूझ भागात ‘इक्वल स्ट्रीट्स’, २०१७ च्या अखेरीस मरीन ड्राइव्हवर सकाळपुरती मार्गिका, मार्च २०२२ मध्ये पोलीस आयुक्त संजय पांडे यांच्या काळात ‘संडे स्ट्रीट्स’. मुले आली, स्केटिंग झाले, दुपारच्या आत रस्ता अडवणारे प्लॅस्टिकचे कोन उचलले गेले. सोमवारी कोणाचीही जागा गेलेली नसल्याने कोणी भांडलेही नाही.

७ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांची मुदत संपली आणि महापालिकेवर प्रशासक आला. पुढची जवळपास चार वर्षे शहराच्या रस्त्यांवर अलीकडच्या काळातला सर्वांत मोठा खर्च झाला, सुमारे ७०० किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची कामे निघाली, आणि तेव्हा सभागृहात हरकतीचा मुद्दा मांडायला कोणी निवडून आलेले नव्हते. नवे रस्ते करताना कडेला दीड मीटर सायकलसाठी सोडता आला असता का, यावर चर्चा होण्याची एरवी हीच वेळ होती. याच काळात, २०२५ मध्ये, एमएमआरडीएने वांद्रे-कुर्ला संकुलातली मार्गिका काढून ती जागा वाहनांच्या वाढीव लेनला देण्याचा निर्णय घेतला. २०११ मध्ये ती आखताना महापालिकेच्या सभागृहातल्या मतदानाचा प्रश्न आला नव्हता, कारण हद्द प्राधिकरणाची होती. ती काढायचे ठरले तेव्हा तर महापालिकेत नगरसेवकच नव्हते. नव्या सभागृहासाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी.