तुमच्या वीजबिलामागे किती गुंठे जंगल?

२०२५ च्या जूनअखेर भारताने पॅरिस करारातलं एक उद्दिष्ट पाच वर्षं आधीच गाठलं. वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेत खनिज इंधन न जाळणाऱ्या स्रोतांचा वाटा निम्मा झाला. बातमी खरी आहे. पण ती वाचून 'देशाची निम्मी वीज आता स्वच्छ झाली' असं सांगणारे बरेच भेटतात, आणि ते साफ चूक आहे. क्षमता म्हणजे यंत्र किती देऊ शकतं, आणि वीज म्हणजे त्याने वर्षभरात खरोखर किती युनिट दिले. सोलापुरात छतावर बसवलेला एक किलोवॉटचा सोलर संच दिवसाला सरासरी चारेक युनिट देतो, कारण रात्र असते, ढग असतात, पॅनेलवर धूळ बसते. औष्णिक केंद्रातला एक किलोवॉट तेवढ्याच वेळात पंधरा-सोळा युनिट देतो. म्हणून क्षमतेत अशा स्रोतांचा वाटा निम्मा होऊनही देशातली बहुतांश वीज आजही कोळशाचीच आहे.

मग सौर-पवन ऊर्जेने देशाचा पर्यावरणीय पाऊलठसा कमी होतो की नाही? होतो, पण नेमका कुठे आणि किती, हे आकडेमोड केल्याशिवाय कळत नाही.

पाऊलठशाची ही पद्धत कॅनडात विल्यम रीस आणि मॅथिस वॅकरनागेल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. आपण जे खातो, वापरतो, जाळतो, त्यासाठी किती जमीन आणि जलक्षेत्र लागतं, ते हेक्टरात मोजायचं. खाती सहा: पिकांची जमीन, कुरणं, मासेमारीचं क्षेत्र, लाकडासाठीचं जंगल, बांधकामाखालची जमीन आणि सहावं, आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषायला लागणारं जंगल. जगाच्या एकूण पाऊलठशात एकटं हे सहावं खातंच सुमारे ६० टक्के भरतं. आपलं वीजबिल मुख्यतः याच खात्यात जमा होतं.

आता खरी गंमत. दक्षिण सोलापुरात होटगी परिसरात एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं कोळशावर चालणारं वीजकेंद्र आहे. आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट वीज करायला ढोबळमानाने ६५० ग्रॅम कोळसा लागतो आणि चिमणीतून सुमारे ९५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जाळलं ६५० ग्रॅम आणि निघालं ९५०? वरचं वजन हवेतलं आहे. १२ ग्रॅम कार्बन जळताना हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन ओढून घेतो आणि ४४ ग्रॅम वायू होतो. आपल्या कोळशात राख भरपूर, म्हणून कार्बन ४० टक्के धरू. म्हणजे ६५० ग्रॅममध्ये २६० ग्रॅम कार्बन. त्याला ४४ ने गुणून १२ ने भागलं की ९५३ ग्रॅम येतात.

महिन्याला १०० युनिट वापरणारं साधं घर घ्या. वर्षाचे १२०० युनिट, म्हणजे ११४० किलो वायू. त्यातला सुमारे पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो, उरले ८५५ किलो. जगातलं सरासरी जंगल हेक्टरी वर्षाला पाऊण टनाला थोडा कमी कार्बन, म्हणजे साधारण २.७ टन कार्बन डायऑक्साइड साठवतं, असं या पद्धतीत धरतात. भागाकार केला की ०.३२ हेक्टर येतं, म्हणजे जवळजवळ ३१ गुंठे. पंखे, फ्रीज आणि टीव्ही एवढ्यासाठी पाऊण एकराहून जास्त जंगल वर्षभर राबायला हवं!

तीच वीज छतावरच्या पॅनेलची असेल तर? 'झिरो कार्बन' हे जाहिरातीतलं वाक्य विसरा. वाळूपासून सिलिकॉन काढायला प्रचंड तापमान लागतं, शिवाय काच आणि ॲल्युमिनियमची चौकट आहेच. हा सगळा धूर पॅनेलच्या पूर्ण आयुष्यातल्या युनिटांवर वाटला तर युनिटमागे सुमारे ४० ग्रॅम पडतो. वरचंच गणित पुन्हा करा, सव्वा गुंठ्याच्या थोडं वर उत्तर येतं. ३१ गुंठ्यांवरून सव्वा गुंठ्यावर!

  

मात्र घराचं गणित तसंच्या तसं देशाला लावता येत नाही. नॉर्वेची बहुतांश वीज जलविद्युत आहे, तरी तिथल्या माणसाचा पाऊलठसा भारतीयापेक्षा कितीतरी पट मोठा. गाड्या, विमानप्रवास, मांस आणि आयात केलेल्या वस्तू हे सगळं त्यात येतं, कारण हिशेब वापरणाऱ्याच्या नावावर लिहिला जातो. सोलापूरचा टेरी टॉवेल परदेशात गेला की त्याच्या यंत्रमागाला लागलेल्या विजेचा धूर त्या देशाच्या खात्यात जातो. उलट चीनमधून आपण पॅनेल आणलं की ते बनवतानाचा धूर आपल्या खात्यात येतो.

आणि या हिशेबात एक मोठं भोक आहे: पाणी. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, आणि त्यातले बरेच उसाच्या चिपाडावर, म्हणजे बगॅसवर वीज करतात. ही वीज नवीकरणीय. चिपाडातला कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला, आणि उसाची जमीन पिकांच्या खात्यात आधीच मोजलेली. कागदावर सगळं स्वच्छ. पण तो ऊस उजनी धरणाचं आणि बोअरचं किती पाणी प्यायला, हे सहापैकी एकाही खात्यात दिसत नाही.

सौर कृषीपंपाचंही तेच. डिझेल वाचतं, कोळशाची वीज वाचते, रात्री साप-विंचवातून पाणी द्यायला जाणं टळतं. शेतकऱ्यासाठी ही मोठीच सोय आहे, आणि देशाचा पाऊलठसाही तेवढा खाली येतो. फक्त ऊन आहे तोवर पंप बंद करायला बिलाचं कारण उरत नाही, आणि आपल्याकडे ऊन काय कमी आहे? साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात बोअरची पातळी किती खाली गेली, हे पाऊलठशाचा आकडा सांगत नाही. त्यासाठी भूजल सर्वेक्षणवाल्यांच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी वेगळ्या काढून त्याशेजारी ठेवाव्या लागतात.